शहाण्या राजाचे घर

पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे कोल्हे आपल्याकडच्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतात. सिंह आणि बैल यांची जिवाभावाची मैत्री दमनकाने सिंहाच्या कानाशी लागून कशी मोडली, ही गोष्ट आपण आजीच्या मांडीवर ऐकलेली असते. हेच कोल्हे सहाव्या शतकात इराणात जाऊन पहलवी बोलू लागले, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने त्यांना अरबी शिकवली, आणि १२५१ मध्ये 'कलिला आणि दिम्ना' होऊन ते स्पेनमधल्या कास्तिलच्या देशभाषेत अवतरले. त्यांना तिथे आणवणारा होता राजपुत्र आल्फोन्सो. पुढच्याच वर्षी तो गादीवर बसला. इतिहास या दहाव्या आल्फोन्सोला 'शहाणा' म्हणतो.

बिरुद खोटे नव्हे. ज्यू, मुसलमान आणि ख्रिस्ती पंडित पदरी ठेवून त्याने ग्रहगणिताची कोष्टके करवली, सात भागांचा कायदेग्रंथ रचवला, मेरीमातेची चारशेंहून अधिक पदे जमवली. हे सारे लॅटिनऐवजी लोकांच्या बोलीत आणण्याचे धाडस (पदे तेवढी गालिसियन-पोर्तुगीजमध्ये) त्याच्या नावावर जमा आहे. पण या शहाण्याच्या घराची कथा वाचताना वाचकाचा जीव गुदमरतो. मारियाना या जेझुइट इतिहासकाराने पुढे त्याच्यावर ठपका ठेवला तो असा की, गडी आकाशातले तारे मोजत बसला आणि पायाखालची जमीन घालवून बसला. हा निकाल इतका सुबक आहे की, तेवढ्यानेच मला त्याची शंका येते.

आधी साक्षीदार कसा आहे ते पाहू. आल्फोन्सोची बखर लिहिली गेली ती त्याच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी, अकराव्या आल्फोन्सोच्या राज्यात; म्हणजे बापाविरुद्ध उठलेल्या सांचोच्या नातवाच्या दरबारात. ही बखर सांगते की, राणी व्हिओलांते हिला मूल होईना म्हणून राजाने नॉर्वेहून दुसरी वधू मागवली, आणि ती येऊन पोहोचते तो राणीला दिवस गेलेले! गोष्ट मोठी रंगतदार. पण नॉर्वेची राजकन्या क्रिस्तिना स्पेनमध्ये आली तेव्हा व्हिओलांतेच्या पदरी मुले खेळत होती. क्रिस्तिनाचे लग्न १२५८ मध्ये राजाचा भाऊ फेलिपे याच्याशी झाले, आणि चार वर्षांतच ती बिचारी सेविलला वारली. एवढ्या साध्या गोष्टीत जी बखर घसरते, तिच्या भरवशावर एखाद्या बापाला दोषी ठरवणे धाडसाचेच होय.

तरीही एक पान असे आहे की, तिथे बखरकाराला दोष देऊन राजाची सुटका होत नाही. राजाचा दुसरा भाऊ फाद्रिके हाही वाचनाचा शौकीन. त्याने १२५३ मध्ये 'सेंदेबार' ही कथामाला अरबीतून उतरवून घेतली. सावत्र आईच्या खोट्या आरोपावरून राजा आपल्या मुलाला ठार करायला निघतो, आणि दरबारातले सुज्ञ रोज गोष्ट सांगून त्याचा हात अडवतात, असा तिचा सांगाडा. अशी गोष्ट भाषांतरित करवणाऱ्या फाद्रिकेला १२७७ मध्ये सख्ख्या भावाच्या हुकुमाने ठार करण्यात आले. चौकशी नाही, न्यायसभा नाही. राजाला त्याच्याविषयी काही कळले होते, यापलीकडे बखर कारण देत नाही.

इथे मला 'कलिला आणि दिम्ना' पुन्हा उघडावेसे वाटते. आपल्या पंचतंत्रात बैल मरतो आणि दमनक सुखाने प्रधानकी करतो. अरबी लेखकाला हे सोसले नाही. त्याने एक नवे प्रकरण जोडले. त्यात दिम्नाला पकडून त्याच्यावर रीतसर खटला चालवतात, साक्षी घेतात, त्याचे म्हणणे ऐकतात, आणि मगच शिक्षा देतात. आल्फोन्सोने उतरवून घेतलेल्या पुस्तकात हे प्रकरण आहे. लबाड कोल्ह्याला मिळाली ती सुनावणी भावाला मिळाली नाही. ताऱ्यांचा यात काय अपराध?

पुढची हकीकत वाढवीत नाही. थोरला मुलगा फेर्नान्दो विशीही न गाठता १२७५ मध्ये गेला. बाप त्या वेळी सम्राटपदाच्या आशेने पोपच्या भेटीला फ्रान्समध्ये गेलेला; ते पदही मिळाले नाही. आता वारस कोण? राजाच्या स्वतःच्या कायदेग्रंथाप्रमाणे मृत मुलाचा मुलगा, जुन्या रिवाजाप्रमाणे दुसरा मुलगा सांचो. राजाने आधी सांचोला मान दिला आणि मग नातवासाठी राज्याचा तुकडा तोडू पाहिला. भाऊबंदकीच्या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत; दोन्ही घरांना राजी राखू पाहणारा म्हातारा शेवटी कोणाचाच राहत नाही. १२७८ मध्ये राणी सुनेला आणि नातवंडांना घेऊन माहेरी आरागोनला निघून गेली. १२८२ मध्ये सांचोने वायादोलिदला सभा भरवून बापाचे अधिकार काढून घेतले, तेव्हा तीच राणी मुलाच्या बाजूला होती. बापाने सांचोला शाप दिला, वारसा नाकारला, आणि ज्या मोरोक्कोच्या सुलतानाशी आयुष्यभर वैर केले त्याच्याकडे मदत मागितली. सेविलला त्याच्यापाशी येऊन राहिली ती पोर्तुगालची विधवा राणी बेआत्रिस, विवाहाबाहेर झालेली त्याची लेक.

त्याच सेविलमध्ये १२८३ साली, मरणाच्या आदल्या वर्षी, त्याने बुद्धिबळ, फासे आणि सोंगट्या यांवरचा सचित्र ग्रंथ पुरा करवला. त्याच्या आरंभी एक हिंदुस्थानचा राजा येतो. माणसाचे बुद्धीने चालते की नशिबाने, असे तो तीन पंडितांना विचारतो. एक बुद्धिबळाचा पट मांडतो, दुसरा फासे टाकतो, तिसरा दोहोंचा मेळ असलेला सोंगट्यांचा डाव पुढे ठेवतो. पुढची पाने भरली आहेत ती डावांनी. कोणते मोहरे कुठे हलवले असता शह चुकतो, याच्या चित्रांनी.