स्वतःचे नाव आणि एक घाईचा निष्कर्ष

विरारहून डहाणूकडे जाणाऱ्या गाडीत गप्पा रंगलेल्या असतात. स्थानकांची नावे नुसती कानांवरून जातात. 'केळवे रोड' म्हटले की मात्र केळव्याचा प्रवासी चटकन उठतो. स्वतःशी निगडित माहिती मन आधी टिपते. सुई, हे आणि हम्फ्रीज यांनी २०१२ साली हे प्रयोगाने दाखवले. एक आकार 'तुमचा', दुसरा मित्राचा, तिसरा परक्याचा, असे नुसते सांगितले, तरी 'स्वतःच्या' आकाराबाबतची उत्तरे अधिक जलद व अचूक आली.

यावरून सल्ला दिला जातो की, उदाहरणात मुलाचे किंवा गावाचे नाव घाला, म्हणजे गोंधळ कमी होईल. हा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. जलद उत्तर आणि कमी गोंधळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

केळव्याच्या वर्गात करून पाहा. 'केळवे' ही पाटी दिसली की उजवा हात वर, 'सफाळे' दिसली की डावा. पाटी कधी मुलांच्या उजवीकडे धरा, कधी डावीकडे. जागेचा उत्तराशी काहीच संबंध नाही. तरीही पाटी व हात विरुद्ध बाजूंना असले की मुले अडखळतात. १९६०च्या दशकात सायमन यांनी दाखवलेला हा परिणाम सेकंदाच्या काही शतांशांचा असतो. म्हणून वर्गात वेळ न मोजता चुका मोजाव्यात.

आता समजा, 'सफाळे'ला जुळत्या बाजूने ५०० व विरुद्ध बाजूने ५३० मिलिसेकंद लागले. 'केळवे'ला ४५० व ४८०. 'केळवे' जलद खरे, पण अडखळणे दोन्हीकडे ३०च! उलट, आपले नाव लक्ष खेचते तेव्हा ते कोणत्या बाजूला आहे हेही ठसवते. मग हा फरक वाढणेही शक्य आहे. तो मोजल्याशिवाय बोलू नये. शिवाय हातांची अदलाबदल करावी आणि हाच खेळ सफाळ्याच्या मुलांकडूनही करून घ्यावा. नाहीतर परिणाम 'आपलेपणा'चा की उजव्या हाताचा, हे कळणार नाही.

हा काथ्याकूट वाटेल, पण नुकसान मुलांचे होते. कॉनवे, कोवन व बंटिंग यांच्या २००१ च्या प्रयोगात एका कानातील शब्द म्हणत असताना दुसऱ्या कानात स्वतःचे नाव ऐकवले. कार्यकारी स्मृती चांगली असलेल्यांपैकी २० टक्क्यांना ते ऐकू आले. ती कमकुवत असलेल्यांपैकी ६५ टक्क्यांना. म्हणजे ज्याला हातातले काम सांभाळणे आधीच जड जाते, त्याचेच लक्ष नावाने अधिक सहज उडते. नावाने हाक जरूर मारावी. पण मूल गणितात गुंतलेले असताना नव्हे, त्याआधी.