रेड्याची वाणी आणि मुलांची गोष्ट : शालेय कथालेखनाचा पुनर्विचार

प्रस्तावना

मराठी शाळेत विद्यार्थ्याला गोष्ट प्रामुख्याने दोन ठिकाणी भेटते. पाठ्यपुस्तकात ती वाचावयाची असते आणि परीक्षेत लिहावयाची असते. ती ऐकण्यासाठी व सांगण्यासाठी वेळापत्रकात सहसा तास नसतो. उत्तरपत्रिकेतील कथालेखनाची रीतही ठरून गेलेली आहे. मुद्दे दिलेले असतात, त्यांच्यामधील जागा भरावयाची असते आणि अखेरीस शीर्षक व तात्पर्य लिहावयाचे असते. मुलांना लेखनाची गोडी का लागत नाही, याचे उत्तर बहुधा वाचनाच्या अभावात शोधले जाते. परंतु गोष्टीला श्रोता नसणे, हे कारण त्याहून मूलभूत आहे. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यातल्या आळे या गावाशी निगडित कथेच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

आळे येथील कथा आणि तिचा अर्थ

संत ज्ञानेश्वरांनी पैठण येथे ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदविले, त्याची समाधी आळे येथे असल्याची परंपरा आहे. भावंडे नेवाशाहून आळंदीकडे परतत असता वाटेत त्या रेड्याने देह ठेवला, असे श्रद्धापूर्वक सांगितले जाते. पैठणचा प्रसंग महिपतींच्या १७६२ मधील ‘भक्तविजय’ ग्रंथात येतो, १९४० च्या प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’ या चित्रपटात येतो आणि कीर्तनांतून आजही रंगतो. प्रत्येक कथनकार तो आपल्या श्रोत्यांसाठी नव्याने मांडतो.

ज्याला बोलण्याचा अधिकार नाही असे मानले गेले, त्याला वाणी मिळाली, हा या कथेचा गाभा होय. शिक्षणाच्या दृष्टीने त्यात आणखी एक अर्थ दडलेला आहे. रेड्याने उच्चारलेले शब्द आधीच सिद्ध असलेले होते. त्याचे स्वतःचे बोलणे, म्हणजे पाठीवरच्या पखालीचे ओझे, पैठण ते आळे हा प्रवास, सोबतची चार भावंडे यांविषयी त्याला काय वाटले असेल, हे कथेत अनुक्त राहिले आहे. शाळेने बहुजनांच्या मुलांना पहिला अधिकार दिला. सिद्ध शब्द वाचण्याचा आणि म्हणण्याचा तो अधिकार लहान नाही. दुसरा अधिकार, म्हणजे स्वतःचे शब्द बोलण्याचा, अद्याप पुरता पोहोचलेला नाही. कथालेखनाचा प्रश्न येथे केवळ गुणांचा राहत नाही.

कथनाची परंपरा : श्रोता आणि तात्पर्य

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. या पुस्तकाची प्रकरणे ‘रात्र’ या नावाने येतात आणि श्याम आपल्या सोबत्यांना रोज आठवणी सांगतो. श्रोत्यांची उपस्थिती हा या कृतीच्या रचनेचाच भाग आहे. शालेय व्यवहाराने मात्र तिच्यातील संस्कार उचलला आणि सांगण्याची रीत मागे ठेवली. परिणामी गोष्ट म्हणजे उपदेशाचे साधन, ही समजूत दृढ झाली.

गुजरातमधील शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी याच काळात वेगळी भूमिका घेतली होती. गोष्टीचे पहिले प्रयोजन आनंद आहे, असे ते मानत. त्यांच्या ‘दिवास्वप्न’मधील शिक्षक गोंगाट करणाऱ्या चौथीच्या वर्गाला आधी गोष्ट सांगतो आणि मग शिकवण्याकडे वळतो. तात्पर्याला महत्त्व नाही, असा याचा अर्थ नव्हे. गोष्ट ऐकणाऱ्याच्या मनात ते आपसूक उमटते. ते आधी मागितले की मूल त्याच्या सोयीने घटना रचू लागते. मग लोभी माणूस फसतो, आळशी मुलगा सुधारतो, आणि कुतूहलाला जागाच उरत नाही.

लेखनाकडे जाणारी वाट

कोल्हापूरच्या सृजन आनंद विद्यालयाच्या संस्थापक लीला पाटील यांनी या दिशेने दीर्घ काळ काम केले. १९८५ मध्ये सुरू झालेल्या या शाळेच्या अनुभवसंचिताशी नाते असलेल्या त्यांच्या पुस्तकाचे नाव ‘लिहिणं मुलांचं, शिकवणं शिक्षकांचं’ असे आहे. या शीर्षकातच कामाची विभागणी स्पष्ट होते. लिहिण्याची मालकी मुलाची असते आणि त्यासाठी वातावरण निर्माण करणे हे शिक्षकाचे काम ठरते.

इटालियन बालसाहित्यिक जानी रोदारी यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात एक साधी युक्ती सांगितली आहे. परस्परांशी संबंध नसलेले दोन शब्द शेजारी ठेवावेत, उदाहरणार्थ कुत्रा आणि कपाट. त्यांच्यातील अंतर भरताना कल्पनाशक्ती कामाला लागते. जुन्नर तालुक्यातील मुलांना असे शब्द दुरून आणावे लागत नाहीत. याच तालुक्यात आळ्याच्या रेड्याची समाधी आहे आणि खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० ताटल्यांच्या रेडिओ दुर्बिणीचे केंद्रही आहे. उसात दडणारा बिबट्या, नारायणगावच्या तमाशाचा वग, शिवनेरी आणि नाणेघात हे सारे त्यांच्या परिसरातले आहे. ‘रेडा आणि दुर्बीण’ एवढे दोन शब्द फळ्यावर लिहिले तरी वर्गातील प्रत्येक गोष्ट वेगळी होऊ शकते. मुद्द्यांवरून लिहिलेल्या साठ कथा मात्र पुष्कळदा एकच असतात.

आक्षेप आणि मर्यादा

श्रद्धेच्या कथेत मुलांनी भर घालणे योग्य आहे काय, असा आक्षेप संभवतो. परंतु मूळ कथेचा मान राखून तिच्यातील अनुक्त जागा भरणे, हे कीर्तनकारही करीत आले आहेत. दुसरा आक्षेप शुद्धलेखनाचा आहे. तो अधिक गंभीर आहे, कारण प्रमाण भाषा येणे ही ग्रामीण विद्यार्थ्याची गरजच आहे. येथे क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी घरच्या बोलीत सांगणे, मग लिहिणे आणि त्यानंतर शुद्ध करणे, असा क्रम असावा. पहिल्याच ओळीवर लाल शाई पडली तर दुसरी ओळ येत नाही. मोठे वर्ग आणि अपुरा वेळ या अडचणी खऱ्या आहेत. तथापि आठवड्यातून एका तासिकेत तीन-चार मुलांनी गोष्ट सांगणे व इतरांनी प्रश्न विचारणे, तसेच वर्गाचे हस्तलिखित काढणे, यासाठी खर्च फारसा येत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कथाधारित अध्यापनाचा उल्लेख आहे, ही स्वागतार्ह बाब होय. मात्र कथा केवळ इतर विषय सोपे करण्याचे साधन ठरली तर सांगणारा शिक्षकच राहील आणि मूल पुन्हा ऐकणाऱ्याच्याच जागी बसेल.

निष्कर्ष

कथालेखनाची आवड ही प्रश्नप्रकार वाढवून निर्माण होत नाही. विद्यार्थ्याच्या गोष्टीला परीक्षकाआधी श्रोता मिळणे, तात्पर्याची सक्ती सैल होणे आणि परिसरातील कथांना वर्गात स्थान मिळणे, या तीन गोष्टी त्यासाठी आवश्यक आहेत. यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. शिक्षकाने ‘पुढे काय झाले?’ असे मनापासून विचारले, की सुरुवात होते.