मंगळयानाचा फोटो आणि धुळीची उंची

मंगळयानाचं कौतुक बहुतेक वेळा एकाच आकड्यावर थांबतं: ४५० कोटी रुपये. संशोधनाची तयारी करत असाल तर तुम्ही पुढचा प्रश्न विचारा. मंगळाच्या हवेबद्दल नेमकं काय कळलं?

एक उदाहरण घेऊ. २०१६ मध्ये 'इकारस' या नियतकालिकात अहमदाबादच्या स्पेस अ‍ॅप्लिकेशन्स सेंटरच्या शास्त्रज्ञांचा पेपर आला. विषय, व्हॅलेस मरिनेरिस या प्रचंड दरीतली धूळ. साधन, यानावरचा सव्वा किलोच्या आसपास वजनाचा रंगीत कॅमेरा. पद्धत सोपी आहे. एकाच जागेचे दोन कोनांतून काढलेले फोटो घ्या. तिरकं बघताना प्रकाश जास्त हवेतून येतो, म्हणून फोटो जास्त फिका पडतो. कॉन्ट्रास्टमधल्या या फरकावरून धूळ किती ते काढता येतं. दरीच्या काठापासून तळापर्यंत हेच केलं, की उंचीनुसार धूळ कशी घटते तेही समजतं. साध्या कॅमेऱ्याकडून एवढं काढून घेणं ही या पेपरची ताकद.

आता कच्चे दुवे. जमिनीचा मूळ कॉन्ट्रास्ट दोन्ही कोनांतून सारखाच असतो, हे गृहीत धरलंय. उत्तर त्या दरीपुरतं आणि फोटो काढले त्या वेळेपुरतं. तापमान तर मिळतच नाही.

ते हवं तर नासाच्या मार्स रिकनेसन्स ऑर्बिटरवरचं मार्स क्लायमेट साउंडर बघा. २००६ पासून ते मंगळाच्या कडेकडे आडवं बघून अवरक्त किरणं मोजतंय. आडवं का? आपल्या लाखांदूरकडे हिवाळ्यात बांध्यांवर धुकं उतरतं. वरून बघाल तर नुसता पांढरा थर. धुऱ्यावर उभं राहून आडवं बघाल तर ते कंबरेपर्यंत आहे की झाडाच्या शेंड्यापर्यंत, लगेच कळतं. साउंडर तसंच सुमारे ८० किमी उंचीपर्यंत तापमान, धूळ आणि बर्फाचे ढग जवळपास ५ किमीच्या थरांत वेगळे करतं. पण धूळ दाट झाली की आडवी नजर अडते आणि जमिनीलगतचे थर निसटतात. वरून खाली बघणारा कॅमेरा नेमका तिथे कामाचा.

म्हणून 'कोणतं यान भारी' हा वाद सोडा. प्रत्येक पेपर वाचताना वहीत तीन ओळी लिहा: काय मोजलं, काय गृहीत धरलं, काय दिसूच शकत नव्हतं. दोन्ही मोहिमांचा डेटा आयएसएसडीसी आणि पीडीएसवर उपलब्ध आहे. तिसऱ्या ओळीतच बहुधा तुमच्या पीएचडीचा विषय सापडेल.