पटकथेची समाप्ती : ‘बनगरवाडी’च्या निमित्ताने काही विचार

पटकथा केव्हा पूर्ण झाली असे समजावे, हा प्रश्न मराठी समीक्षेत क्वचितच उपस्थित झालेला दिसतो. कादंबरीचा अखेरचा खर्डा हाच कादंबरीचा देह असतो. पटकथेचे तसे नाही. ती दुसऱ्या एका कृतीसाठी लिहिली जाते आणि ती कृती सिद्ध होताच बहुधा विस्मृतीत जाते. तरीही आपल्याकडे पटकथेकडे नाटकाच्या संहितेप्रमाणे पाहण्याची सवय दृढ झालेली आहे. संवाद घोटले, प्रवेश बांधेसूद केले म्हणजे ती सुधारली, असे मानले जाते. या समजुतीची कसोटी पाहण्यास व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’इतके उपयुक्त उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कराडहून विट्याच्या वाटेने पूर्वेकडे निघाले की उसाची काळी रानेे हळूहळू मागे पडतात आणि आटपाडीच्या अलीकडेच माळ सुरू होतो. पूर्वीच्या औंध संस्थानातील हा मुलूख १९४९ साली दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला. त्या जिल्ह्यास १९६० पासून सांगली हे नाव मिळाले. याच माणदेशातील धनगरवस्तीचे चित्र माडगूळकरांनी १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीत रेखाटले. चित्रपट निघाला तो १९९५ साली, अमोल पालेकर यांच्या दिग्दर्शनाखाली, आणि त्याची पटकथा स्वतः माडगूळकरांनीच लिहिली. मध्ये चाळीस वर्षांचे अंतर. आपलीच कादंबरी पुन्हा लिहावयास बसलेल्या लेखकाला थांबण्याचे ठिकाण सापडणे सर्वात अवघड, कारण त्याला प्रत्येक पात्राविषयी पुस्तकात आहे त्याहून अधिक ठाऊक असते.

‘बनगरवाडी’ला रूढ अर्थाने संविधानक नाही. एक तरुण मास्तर ओसाड वाडीवर येतो, शाळा भरवू लागतो, कारभाऱ्याचा विश्वास संपादन करतो. तालीम बांधली जाते, तिच्या उद्घाटनास पंतसरकार येतात. पुढे कारभारी जातो, दुष्काळ पडतो आणि वाडी उठते. आनंदा रामोशी, आयबू, शेकू, अंजी ही माणसे या ओघात येतात-जातात. ती एकमेकांना कथानकाच्या दोरीने बांधलेली नाहीत. पटकथाकाराच्या हाताशी कणा म्हणून सहज येण्याजोगी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तालीम. पुनर्लेखनाचा मोह नेमका येथे उद्भवतो. आणखी एका खर्ड्यात रामोशाची चोरी तालमीच्या वर्गणीशी जोडता येईल, त्यापुढच्या खर्ड्यात अंजीच्या चोळीचे प्रकरण तालमीच्या विरोधकांच्या हाती देता येईल. प्रत्येक दुरुस्ती सुटी पाहिली तर योग्यच वाटेल. पण त्यांची बेरीज होऊन ‘बनगरवाडी’चा ग्रामसुधारणेचा एक नमुनेदार बोलपट होईल. कार्यकारणाचा हा सांधा लेखकाने जुळवला नाही, यातच त्या कादंबरीचे सामर्थ्य आहे. माळावरचे जीवन असेच असते, एका गोष्टीतून दुसरी निघतेच असे नाही.

मग कागदावर निश्चित करावयाचे ते काय? या चित्रकथेत दोन ऋतू आहेत. पावसानंतरचा हिरवा माळ आणि अखेरचा करपलेला माळ एकाच महिन्यात चित्रित होत नाहीत. मेंढरे कोणत्या ऋतूत दिसावयाची, तालीम कोणत्या ऋतूत उभी राहावयाची, कारभाऱ्याचा मृत्यू दुष्काळाच्या किती आधी घडावयाचा, हे चित्रीकरणापूर्वी ठरलेच पाहिजे. एकदा ऋतू गेला की तो वर्षभर परत येत नाही. सत्यजित राय यांनी हे मोल देऊन अनुभवले. १९५२ च्या ऑक्टोबरात त्यांनी ‘पथेर पांचाली’चे चित्रीकरण काशाच्या फुललेल्या रानात सुरू केले, तेव्हा त्यांच्याजवळ रूढ अर्थाची पूर्ण पटकथा नव्हती, रेखाचित्रे आणि टिपणे होती. पुढल्या रविवारी मंडळी परतली तो गुरांनी काश खाऊन टाकले होते, आणि उरलेल्या भागासाठी पुढच्या हंगामाची वाट पाहावी लागली. तथापि त्यांनी पहिल्या दिवशी आणखी एका खर्ड्यासाठी थांबण्याचे ठरविले असते, तर त्या वर्षीचे काश मुळीच हाती लागले नसते, हेही विसरता येत नाही.

उलट काही प्रश्न असे आहेत की कितीही खर्डे केले तरी कागद त्यांचे उत्तर देऊ शकत नाही. कादंबरीतील मास्तर प्रथमपुरुषी निवेदन करतो. त्याचा एकाकीपणा वाचकाला त्याच्या शब्दांतून कळतो. पडद्यावर हा ‘मी’ कोठे ठेवावयाचा? मास्तरला स्वगत द्यावे, घरी पत्र लिहावयास लावावे, आयबूशी मन मोकळे करू द्यावे : पर्याय पुष्कळ, आणि सगळेच लंगडे. रिकाम्या माळावरून एकटा चालणारा नट किती वेळ दाखवावा, या एका निर्णयात तो एकाकीपणा सामावलेला असतो आणि तो निर्णय माळावरच होतो. शेकूजवळ एकच बैल उरतो तेव्हा त्याची बायको दुसऱ्या बैलाच्या जागी जुवाला खांदा देते. या प्रसंगाला पटकथेत एक ओळ पुरे. दुसरी ओळ लिहिली की ती त्या बाईच्या तोंडी करुण संवाद घालण्यासाठीच लिहिली जाणार.

येथे एक आक्षेप संभवतो. हे सारे सैल बांधणीच्या कथेला लागू पडेल. घट्ट रचनेच्या पटकथेचे काय? त्याचे उत्तरही माडगुळ्याच्याच घरात आहे. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर येथे औंध संस्थानाने १९३९ साली कैद्यांची खुली वसाहत वसविली. त्या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी व्ही. शांताराम यांच्यासाठी ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) लिहिला. सहा खुनी, एक जेलर, ओसाड जमीन, बाजारातील मारहाण आणि कैद्यांनी न उचललेला हात, शेवटी बैलांशी झुंज व जेलरचा मृत्यू. येथे प्रत्येक दुवा आधीच जुळविलेला हवा. सहातला एक कैदी कमी केला तरी नावातले हात चुकतात. धाकट्या बंधूच्या कथेला मारक ठरला असता तो रेखीवपणा थोरल्याच्या कथेचा प्राण आहे. म्हणजे दोघांची थांबण्याची ठिकाणे निराळी. तरीही या रेखीव पटकथेतील बैल चित्रीकरणाच्या वेळी लेखणीचा राहिला नाही. त्या झुंजीत शांतारामांच्या डोळ्याला गंभीर इजा झाली.