परंपरेचा घाट आणि परंपरेचे मर्म : मेक्सिकोच्या मातीच्या ‘चिमिनिया’ची चिकित्सा

प्रस्तावना

ग्रंथ, चित्र किंवा नाटक यांची समीक्षा करण्याची प्रथा आपल्याकडे चांगली रुजलेली आहे. नित्य वापराच्या वस्तूची समीक्षा मात्र क्वचितच होते. वस्तुतः वस्तूलाही घाट असतो, नाव असते आणि तिच्याविषयी सांगितली जाणारी एक कथा असते. या तिन्हींचा परस्परांशी मेळ बसतो की नाही, हे तपासणे समीक्षेचेच काम होय. प्रस्तुत लेखात अशाच एका वस्तूचा विचार केला आहे. अमेरिका, ब्रिटन आदी देशांतील घरांच्या बागेत ठेवली जाणारी मातीची उभी शेगडी ‘चिमिनिया’ या नावाने ओळखली जाते. विसाव्या शतकाच्या अखेरीस ती विशेष लोकप्रिय झाली. विक्रेते तिला ‘पारंपरिक मेक्सिकन’ म्हणतात. यांपैकी ‘मेक्सिकन’ हे विशेषण तिचे कूळ सांगते; ‘पारंपरिक’ हे मात्र नेमके काय सांगते, हा या लेखाचा प्रश्न आहे. परंपरा घाटात असते, सामग्रीत असते, वापरात असते, की वस्तू घडविणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या माणसांच्या ज्ञानात?

नावाचा प्रवास

स्पॅनिश भाषेत ‘चिमेनेआ’ या शब्दाचा अर्थ धुराडे किंवा धुराडे असलेली भिंतीतील शेकोटी एवढाच आहे. तो कोणत्याही विशिष्ट मातीच्या वस्तूचा वाचक नाही. हा शब्द फ्रेंचमधून स्पॅनिशमध्ये आला. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘कामिनुस’ व त्याही मागे भट्टी या अर्थाचा ग्रीक ‘कामिनोस’ हा शब्द आहे. धुराड्यासाठी मराठीत रूढ झालेला ‘चिमणी’ हा शब्द इंग्रजीमार्गे याच कुळातून आपल्याकडे आला आहे. इंग्रजी बाजाराने स्पॅनिश शब्दातील एक स्वर बदलला, ‘चिमिनिया’ असे रूप केले आणि सामान्यनामाला एका विशिष्ट वस्तूचे नाव बनविले. म्हणजे मातीची वस्तू मेक्सिकोची असली, तरी तिला स्वतंत्र नाव मिळाले ते मेक्सिकोबाहेरच्या ग्राहकामुळे. व्यापारी मजकुरात कधी तिचा संबंध आझ्टेकांशी जोडला जातो, तर कधी तिला ‘चारशे वर्षांची’ म्हटले जाते. ही दोन्ही विधाने एकत्र नांदू शकत नाहीत. आझ्टेकांची राजधानी तेनोचतित्लान १५२१ मध्ये पडली. चारशे वर्षांपूर्वीचा काळ हा स्पॅनिश वसाहतीचा काळ होय.

स्पॅनिश येण्यापूर्वीच्या मध्य मेक्सिकोतील घरात अग्नीचे स्थान निराळे होते. जमिनीवर मांडलेले तीन दगड ही तेथील चूल. नाहुआत्ल भाषेत या दगडांना ‘तेनामास्तली’ व चुलीला ‘त्लेकुइली’ म्हणत. तिच्यावर ‘कोमाल’ हा मातीचा सपाट तवा ठेवून मक्याच्या भाकरी भाजल्या जात. या चुलीला धुराडे नव्हते. धूर छपरातून व फटींतून वाट काढी. अग्नीची देवता वृद्ध पुरुषाच्या रूपात, डोक्यावर अग्निपात्र धारण करून बसलेली दाखवीत. अशा मूर्ती कुइकुइल्को व तेओतिहुआकान येथे सापडल्या आहेत. यावरून अग्नी धारण करणारे पात्र ही कल्पना त्या भूमीत पुरातन आहे, असे निश्चितपणे म्हणता येते. तथापि अग्निपात्र आणि धुराडे यांचा संयोग, जो चिमिनियाचा विशेष आहे, त्यातील धुराड्याचे नावच मुळी युरोपीय आहे. ही वस्तू संकरातून आलेली आहे. संकर हा दोष नव्हे. पुएब्लाची ‘तालावेरा’ ही झिलईदार मृत्कलाही स्पॅनिश व स्थानिक हातांच्या मेळातून घडली, आणि २०१९ मध्ये युनेस्कोने तिची नोंद केली ती मेक्सिको व स्पेन या दोन्ही देशांच्या नावे. दोष आहे तो संकर लपवून शुद्ध प्राचीनतेचा आव आणण्यात.

घाटाचे गुण

कथा बाजूला ठेवून वस्तूकडे पाहिले, तर तिचा घाट खरोखर प्रशंसनीय आहे. खाली फुगीर पोट, पुढे एकच रुंद तोंड आणि वर निमुळता गळा अशी तिची रचना असते. पोटात सरपण जळते; तापलेली हवा हलकी होऊन गळ्यातून वर जाते आणि तिच्या जागी तोंडातून ताजी हवा आत ओढली जाते. या ओढीमुळे जाळ सतत पेटता राहतो आणि धूर बसलेल्यांच्या डोक्यावरून वर निघून जातो. उघड्या शेकोटीत वाऱ्याची दिशा बदलली की माणसांना जागा बदलावी लागते. येथे ती वेळ सहसा येत नाही. वाऱ्यावर उडणाऱ्या ठिणग्यांनाही पोटाच्या भिंती बऱ्याच अंशी अडवितात. तोंडातून उष्णता थेट समोर येते, तर जाड मातीची भिंत सावकाश तापते आणि जाळ विझल्यानंतरही काही काळ ऊब देत राहते.

या घाटात अनावश्यक असे काहीच नाही. पोट, तोंड आणि गळा हे कुंभाराचे नेहमीचे शब्दच तिच्या वर्णनाला पुरतात, कारण ती मुळात एक मडकेच आहे. मडक्याच्या बाजूला तोंड पाडून त्याला अग्नीचे घर केले आहे. येथे सौंदर्य आणि उपयोग यांत फूट पडत नाही, हे तिचे खरे यश होय.

मातीची अट

परंतु हा घाट मातीत आहे, आणि माती काही अटी घालते. कमी तापमानावर भाजलेली ही माती सच्छिद्र असते. ती उष्णता मंदपणे वाहून नेते; त्यामुळे मोठा जाळ एकदम केल्यास आतील बाजू प्रसरण पावते, बाहेरची बाजू थंडच राहते, आणि त्या ताणाने भिंतीला तडा जातो. भिंतीत पावसाचे पाणी मुरलेले असेल, तर त्याची वाफ होऊन हाच परिणाम घडतो. गोठविणाऱ्या थंडीत त्या पाण्याचा बर्फही भिंत फोडतो. म्हणून नव्या चिमिनियात आरंभी काही वेळा लहान जाळ करून प्रत्येक वेळी ती पूर्ण थंड होऊ द्यावी लागते. तळाशी वाळूचा किंवा सच्छिद्र ज्वालामुखी खड्यांचा थर घालावा लागतो, म्हणजे निखारे थेट मातीला भिडत नाहीत. तापलेल्या भिंतीवर पाणी टाकून जाळ विझवायचा नसतो. पावसाळ्यात व हिवाळ्यात तिला झाकावे लागते.

ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या सूचनापत्रात या सर्व गोष्टी ‘खबरदारी’ म्हणून येतात, जणू त्या वस्तूच्या उणिवा आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते दृष्टीचा घोटाळा येथेच होतो. हे मातीच्या भांड्यासोबत येणारे ज्ञान आहे. कुंभार हाच विचार भांडे घडविण्यापूर्वी करीत असतो. मध्य मेक्सिकोतील मेतेपेक येथील कुंभार मातीत पाणकणसाचा कापूस मिसळतात. त्याच्या तंतूंमुळे माती घट्ट धरून राहते आणि वाळताना तडकत नाही. घडविणाऱ्याने मातीचा स्वभाव जाणायचा आणि वापरणाऱ्याने तो सांभाळायचा, असा हा दोन्ही बाजूंचा करार आहे. परंपरा नावाची गोष्ट कोठे असेलच, तर ती या करारात आहे.

लोखंडी प्रतिकृती

बाजाराने या अडचणीवर जो उपाय काढला, तो या दृष्टीने बोलका आहे. ओतीव लोखंडाच्या व ओतीव अॅल्युमिनियमच्या चिमिनिया आज मातीच्या चिमिनियाशेजारीच विकल्या जातात. त्या तडकत नाहीत, मोठा जाळ सहन करतात. लोखंड गंजते आणि धातूचा पृष्ठभाग हात भाजण्याइतका तापतो, हे खरे. परंतु टिकाऊपणात त्या सरस आहेत आणि ग्राहकाने त्या निवडल्या तर त्यात गैर काही नाही. प्रश्न इतकाच की, त्यांनाही ‘पारंपरिक मेक्सिकन घाटाची’ म्हणावे काय? फुगीर पोट मातीला स्वाभाविक आहे. साच्यात ओतलेल्या धातूला कोणताही आकार चालला असता. तेव्हा धातूच्या वस्तूत तो घाट केवळ आठवण म्हणून उरतो. माती गेली, तिचे ज्ञान गेले, कुंभारही गेला. बाह्यरेषा तेवढी राहिली. ‘पारंपरिक’ हे विशेषण त्या बाह्यरेषेलाही तितक्याच सहजतेने चिकटते. यावरून बाजार परंपरा या शब्दाने केवळ आकृती सूचित करतो, असा निष्कर्ष काढणे भाग पडते.

कर्ता कोठे आहे?

मेक्सिकोत लोककलांना राष्ट्रीय प्रतिष्ठा मिळाली तीही एका विशिष्ट काळात. क्रांतीनंतर, १९२१ मध्ये, स्वातंत्र्यप्राप्तीच्या शताब्दीनिमित्त मेक्सिको सिटीत लोककलांचे मोठे प्रदर्शन भरले. रोबेर्तो मोंतेनेग्रो व होर्हे एन्सिसो या चित्रकारांनी ते मांडले आणि ‘डॉक्टर आत्ल’ या नावाने प्रसिद्ध असलेले हेरार्दो मुरिल्यो यांनी त्या निमित्ताने ग्रंथ लिहिला. त्यापूर्वी सुशिक्षित वर्गाने बाजारातील स्वस्त मडके म्हणून दुर्लक्षिलेली वस्तू आता राष्ट्राचा ठेवा ठरली. या गौरवात कारागीर मात्र बहुधा ‘लोक’ या समूहवाचक शब्दात विरून गेला. अपवाद आहेत. ओआहाका प्रांतातील सान बार्तोलो कोयोतेपेक येथील काळ्या मातीची भांडी दोन्या रोसा या कुंभारणीच्या नावाने जगभर ओळखली जातात. भाजण्यापूर्वी भांडे घोटून त्याला चकाकी आणण्याची तिची रीत विसाव्या शतकाच्या मध्यास पुढे आली. म्हणजे जिला आज आपण परंपरा म्हणतो, ती एका जाणत्या हाताची नवनिर्मितीही असू शकते.

तालावेराला मूळस्थानदर्शक नावाचे कायदेशीर संरक्षण आहे. ठरलेल्या प्रदेशाबाहेर, ठरलेल्या पद्धतीवाचून केलेल्या वस्तूला मेक्सिकोत ते नाव लावता येत नाही. चिमिनियाला असे कोणतेही संरक्षण नाही. तिच्यावर गावाचे नाव नसते, कारागिराचे नसते. असते ते ‘पारंपरिक’ एवढेच. हे विशेषण गौरवाचे वाटले, तरी त्याचा एक परिणाम असा होतो की, वस्तू कोणी एकाने केली नसून परंपरेनेच केली आहे असे भासते. आणि परंपरेला मजुरी द्यावी लागत नाही.

धुराचा प्रश्न

येथे आणखी एका बाजूचा विचार करणे आवश्यक आहे. ज्या देशाच्या नावाने बागेतील ही शेगडी विकली जाते, त्या देशाच्या ग्रामीण भागात लाकडाचा धूर हा आजही आरोग्याचा प्रश्न आहे. उघड्या चुलीपुढे दिवसाचे कित्येक तास काढणाऱ्या स्त्रियांना व त्यांच्या जवळ वावरणाऱ्या मुलांना तो सर्वाधिक बाधतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील इंधनाच्या धुरामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लक्ष मृत्यू झाले. मिचोआकान प्रांतातील पुरेपेचा समाजाच्या वस्त्यांत या शतकाच्या आरंभी ‘पात्सारी’ नावाची सुधारित चूल प्रसृत करण्यात आली. ‘सांभाळणारी’ अशा अर्थाचा हा पुरेपेचा शब्द आहे. बंदिस्त जळणकक्ष आणि धूर घराबाहेर नेणारे धुराडे ही तिची मुख्य अंगे. ती घडविताना स्थानिक संस्था व विद्यापीठीय संशोधक यांनी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या गरजा विचारात घेतल्या. मोठ्या कोमालला जागा ठेवली, कारण भाकरी भाजता येत नसेल तर ती चूल कोणीच वापरली नसती.

चिमिनिया आणि पात्सारी यांत तत्त्व एकच आहे : अग्नीला पोट द्यावे, धुराला वाट द्यावी. एक मात्र सायंकाळच्या विसाव्याची शोभा झाली आणि दुसरी श्वासाचा आधार. पहिलीला ‘पारंपरिक’ म्हणून मोल मिळते. दुसरीला ‘सुधारित’ म्हणतात. वास्तविक त्या भूमीतील स्त्रियांचा अग्नीशी असलेला व्यवहार, त्यांची भाकरी, त्यांचा कोमाल हे सर्व दुसरीनेच पुढे चालविले आहे. तेव्हा परंपरेचा वारसा कोणाकडे अधिक आहे, हे वेगळे सांगावयास नको. शिवाय बागेतील चिमिनियाचा धूरही नाहीसा होत नाही. तो बसलेल्यांच्या डोक्यावरून जातो आणि दाट वस्तीत शेजाऱ्याच्या खिडकीशी पोहोचतो. कोरडे सरपण व लहान जाळ यांनी तो कमी होतो, एवढेच म्हणता येईल.

समारोप

वरील विवेचनाचा उद्देश चिमिनिया ही वस्तू टाकाऊ ठरविण्याचा नाही. तिचा घाट निर्दोष आहे आणि मातीच्या मर्यादा ओळखून ती वापरणारा मनुष्य, कळत नकळत, कुंभाराच्या ज्ञानात सहभागी होतो. आक्षेप आहे तो तिच्याविषयीच्या भाषेवर. जी भाषा वय फुगविते, संकर झाकते, धातूच्या प्रतिकृतीला आणि मातीच्या मूळ वस्तूला एकाच शब्दाने गौरविते व घडविणाऱ्याचे नाव गाळते, ती परंपरेचा सन्मान करीत नाही. तिचा केवळ व्यापार करते. वस्तूच्या समीक्षकाने आकृतीपाशी न थांबता सामग्री, वापर आणि कर्ता या तिन्हींविषयी विचारणा करावी. चिमिनियाच्या बाबतीत या विचारणेचे पहिले पाऊल साधे आहे : ती कोणत्या गावच्या मातीची आहे आणि कोणाच्या हातची आहे, हे विक्रेत्याने सांगावे आणि ग्राहकाने विचारावे.