पडझडीचे वाचन

हिदेताका मियाझाकी यांनी दिग्दर्शित केलेला ‘डार्क सोल्स’ हा जपानी व्हिडिओ गेम २०११ साली आला. तेव्हापासून त्याच्याविषयीची चर्चा ‘कठीण’ या एका शब्दाभोवती फिरते आहे. खेळणाऱ्याला तो वारंवार मारतो, हे खरेच. पण त्यात केवळ मर्दुमकीची परीक्षा पाहिली, की त्याची खरी कमाई नजरेआड होते. माझ्या मते या खेळात मरणे ही वाचनाची एक रीत आहे.

आधी त्यातली व्यवस्था पाहू. लॉर्ड्रन नावाच्या मोडकळीस आलेल्या राज्यात आपण हिंडतो. मारलेल्या शत्रूंचे ‘सोल्स’, म्हणजे आत्मे, आपल्याकडे जमतात. तेच तिथले चलन आणि त्यांवरच आपले बळ वाढते. मेलो की ते सगळे जागच्या जागी सांडतात आणि आपण मागच्या शेकोटीपाशी उठतो. मेलो त्या जागी पुन्हा पोचलो तर ती ठेव परत मिळते. वाटेतच मेलो तर कायमची जाते. दरम्यान किरकोळ शत्रू पुन्हा उभे राहिलेले असतात. नकाशा नाही. खेळ मध्येच थांबवून धरण्याचीही सोय नाही.

त्यामुळे एकच वाट दहादा तुडवावी लागते. पहिल्या खेपेला फक्त शत्रू दिसतो. दहाव्या खेपेला भिंत दिसू लागते. हे प्रेत इथेच का पडले असेल, त्याच्यापाशी ही अंगठी कशी आली, असे प्रश्न पडतात. सुरुवातीच्या छोट्या प्रास्ताविकानंतर कथेचा मोठा भाग वस्तूंच्या दोन-चार ओळींच्या वर्णनांत विखुरलेला आहे. तो वेचायचा आणि जुळवायचा आपणच. लहानपणी आवाक्याबाहेरची पुस्तके वाचताना न कळलेल्या जागा चित्रांच्या आधारे कल्पनेने भरून काढत असे, असे मियाझाकींनी मुलाखतीत सांगितले आहे. गुरूविना, हाती पडेल ते वाचत आलेल्या माझ्यासारख्याला ही रीत ओळखीची वाटते. अर्धवट कळलेले पान वाया जात नाही. ते मनात काम करत राहते.

दोन उदाहरणे देतो. सुरुवातीच्या ‘फायरलिंक श्राइन’पासून आपण चढत, मरत, लढत एका चर्चपर्यंत पोचतो. तिथला पाळणा खाली उतरतो आणि समोर येते तेच फायरलिंक! नकाशा हाती असता तर हा आनंद मिळाला नसता. दुसरे उदाहरण सिफ या प्रचंड लांडग्याचे. आर्टोरियस या दिवंगत योद्ध्याच्या थडग्यावर तो तोंडात तलवार धरून पहारा देतो. पुढे जायला लागणारी अंगठी त्याला मारल्याशिवाय मिळत नाही. तो जिवावर आला की लंगडू लागतो, तलवार फिरवताना कोसळतो. जिंकत असूनही आपला हात अडखळतो. इथे काठिण्य आणि करुणा वेगळी काढता येत नाहीत.

हीच कसोटी खेळाच्या उणिवेलाही लावली पाहिजे. ‘लॉस्ट इझालिथ’मधल्या ‘बेड ऑफ केऑस’ या लढतीत पायाखालची जमीन खचते, आपण खोल पडतो आणि लांबचा रस्ता पुन्हा धावतो. त्या पडण्यातून जगाविषयी काहीच कळत नाही. गंमत म्हणजे तिथे मेल्यावरही अर्धे झालेले काम शाबूत राहते. या लढतीत मरण निव्वळ छळ झाले आहे, याची जणू ती कबुलीच.

असे खेळ सोपे करण्याची मुभा असावी की नाही, हा वाद अजून मिटलेला नाही. पन्नाशी ओलांडलेल्या बोटांचा माणूस म्हणून मी मुभेच्या बाजूचा आहे. शत्रूचा घाव सौम्य झाला तरी बिघडत नाही. त्याच वाटेने परत जावे लागणे आणि नकाशाविना चालणे मात्र टिकले पाहिजे, कारण लॉर्ड्रन आपल्याला कळते ते त्या फेऱ्यांमधून. खेळाच्या समीक्षेने किती वेळा मेलो हे जरूर मोजावे. पण प्रत्येक मरणाने काय दाखवले, हे आधी विचारावे.