कॅब कॅलोवे : पुनर्प्रकाशित तबकड्या आणि मूल्यमापनाचा प्रश्न

अमेरिकन स्विंग संगीतातील वाद्यवृंदप्रमुख व गायक कॅब कॅलोवे (१९०७–१९९४) यांची ओळख प्रामुख्याने १९३१ च्या 'मिनी द मूचर' या गीताशी आणि त्यातील निरर्थक अक्षरांच्या 'स्कॅट' गायनाशी निगडित आहे. ७८ फेऱ्यांच्या मूळ तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच संगीत मावत असे. साहजिकच प्रत्येक गीत सुटे ऐकले गेले. एल.पी. तबकडीवरील पुनर्प्रकाशनात ती सलग ऐकू येतात व गायकामागील वाद्यवृंदाचे सामर्थ्य प्रत्ययास येते. 'प्लकिन द बेस' (१९३९) मध्ये मिल्ट हिंटन यांचे डबल बेसवादन, तर 'घोस्ट ऑफ अ चान्स' (१९४०) मध्ये चू बेरी यांचे सॅक्सोफोनवादन केंद्रस्थानी आहे. तरुण डिझी गिलेस्पीही याच वृंदात होते. अशा वादकांना अवकाश देणे हेही कॅलोवे यांचे कर्तृत्वच होय.

मात्र संकलक केवळ लोकप्रिय गायनगीतेच निवडतो, तेव्हा हार्लेममधील कॉटन क्लबच्या गोऱ्या प्रेक्षकवर्गाला रुचलेली कृष्णवर्णीय 'रंजनकारा'ची प्रतिमाच पुन्हा दृढ होते. म्हणूनच पुनर्प्रकाशनाचे मूल्य ध्वनीच्या स्वच्छतेइतकेच निवडीच्या विवेकावर आणि वेष्टनावरील वादकांच्या नामनिर्देशावर अवलंबून असते.